जुन्या महाकाय सॉफ्टवेअरचे स्वयंचलित नूतनीकरण म्हणजे काय?

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या कामाचा मोठा भाग अनेक वर्षे जुन्या सॉफ्टवेअरवर चालतो. त्यातले बरेचसे कोबोल या भाषेत लिहिलेले आहे. या भाषेचा जन्म १९५९ सालचा. अशा प्रणालीत लाखो ओळी असतात आणि लिहिणारे बहुतेक जण निवृत्त झालेले असतात. सगळे टाकून नव्याने लिहिणे महाग आणि धोक्याचे ठरते. म्हणून जुना प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामकडून वाचून घेऊन दुरुस्त करतात. यालाच स्वयंचलित नूतनीकरण म्हणतात.

२००० सालची अडचण

जुन्या प्रणालींत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवले जात. १९९७ मध्ये घेतलेल्या कर्जाची मुदत २००२ मध्ये संपत असेल, तर संगणक ०२ मधून ९७ वजा करी आणि उत्तर येई उणे ९५ वर्षे. ही दुरुस्ती १ जानेवारी २००० पूर्वी जगभर करायची होती. भारतीय कंपन्यांना त्यातून मोठे काम मिळाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्यासाठी चेन्नईत कारखान्याच्या धर्तीवर केंद्र चालवले. याच कंपनीच्या पुण्यातील टीआरडीडीसी या १९८१ साली स्थापन झालेल्या संशोधन केंद्रात प्रोग्रामचे विश्लेषण करणाऱ्या साधनांवर काम झाले आहे.

हे काम कसे चालते?

१. वाचन : भाषेच्या व्याकरणानुसार प्रोग्रामची फोड केली जाते.
२. माग : एखादी तारीख कोणकोणत्या नावांनी पुढे जाते, ते शोधले जाते. नाव वेगळे असले तरी आतली किंमत तारखेचीच असू शकते.
३. बदल : ठरवलेला नियम सगळीकडे सारखा लावला जातो.
४. पडताळणी : जुन्या व नव्या प्रणालीला तीच माहिती देऊन उत्तरे ताडून पाहतात.

नियम सगळीकडे सारखा लागतो, हा मोठा फायदा. पण नियमच चुकला तर चूकही सगळीकडे सारखीच पसरते. उदाहरणार्थ, '५० च्या खालचे वर्ष म्हणजे २००० नंतरचे' असा नियम केला, तर १९४८ साली जन्मलेला माणूस २०४८ सालचा ठरतो.

बीडचा शेतकरी आणि सातबारा

हाच प्रश्न माहितीच्या स्थलांतरातही येतो. बीड जिल्ह्यातील अकराही तालुक्यांत जमिनीचा व्यवहार असो वा पीककर्ज, सातबारा लागतोच. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर अनेकदा विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असे. अशा फॉन्टमध्ये 'शिरूर' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'श' नंतर साठवला जाई. युनिकोडमध्ये क्रम उलटा असतो. 'अश्विनी'मध्ये तर वेलांटीला 'श्व' हे संपूर्ण जोडाक्षर ओलांडावे लागते. नियमात हे नसेल, तर नाव बिघडते.

आकड्यांचे तर अधिकच नाजूक. १.०५ हेक्टर म्हणजे एक हेक्टर पाच आर. मधले शून्य गळून १.५ झाले, तर ते एक हेक्टर पन्नास आर वाचले जाते. फरक ४५ आरचा, म्हणजे एकरापेक्षा जास्त. यंत्राला दोन्ही आकडे बरोबरच वाटतात. कोणता खरा, हे मूळ हस्तलिखित सातबारा किंवा शेतमालकच सांगू शकतो.

म्हणूनच संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी ताडून पाहिला गेला आणि २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांसमोर नोंदी वाचून त्यांचे आक्षेप घेणे, हा त्याचा हेतू. सॉफ्टवेअरच्या भाषेत हीच पडताळणीची पायरी.

चूक दिसल्यास

तुमच्या सातबाऱ्यात नाव किंवा क्षेत्र चुकलेले दिसले, तर जुना हस्तलिखित उतारा व संबंधित फेरफार यांच्या नकला काढून ठेवा. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे. त्यासाठी तलाठी किंवा तहसील कार्यालयात चौकशी करावी.