काळ्या कातळाची साक्ष

अलिबागची चुंबकीय वेधशाळा बांधायला दगड आणला तो पोरबंदरहून. सह्याद्रीचा काळा पाषाण हाताशी असताना समुद्रापलीकडून दगड आणायचं कारण सरळ होतं. आपला काळा दगड स्वतःच चुंबक आहे. त्याच्या भिंतींत बसवलेली चुंबकसूची पृथ्वीऐवजी भिंतीचंच ऐकेल. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडणार हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि 1904 मध्ये काम अलिबागला नेलं. जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा नीट जुळावा म्हणून दोन वर्षं दोन्ही ठिकाणी वेध घेतले गेले. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

मूस यांनी ज्या गुणापायी हा दगड दूर ठेवला, त्याच गुणानं पुढे पन्नास वर्षांनी मोठं काम केलं. भारताची भूमी दक्षिण गोलार्धातून सरकत इथवर आली, हे या दगडानं सांगितलं. मी साताऱ्याला भूशास्त्र शिकवलं आणि हयातभर मुलांना घेऊन पसरणीचा घाट चढले. मी स्वतः विद्यार्थिनी होते तेव्हा खंडं सरकतात याचा पुरावा म्हणून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे दाखवले जायचे. पायाखालच्या कातळाचं नाव कुणी घेत नसे. ते मला आजही खुपतं.

किनारे जुळतात हे आल्फ्रेड वेगेनरनं 1912 मध्ये मांडलं. दोन्हीकडचे जीवाश्म आणि खडकांचे थर जुळतात, हेही त्यानं दाखवलं. पण एवढी अवजड खंडं ढकलणार कोण, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. 1930 मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो गेला, आणि बहुतेक भूशास्त्रज्ञांनी विषय बाजूला ठेवला. तो पुन्हा उघडला पदार्थविज्ञानाच्या माणसांनी, आणि तेही आडवाटेनं.

पॅट्रिक ब्लॅकेट हे नोबेल मिळालेले इंग्रज शास्त्रज्ञ. फिरणाऱ्या कुठल्याही जड वस्तूला चुंबकत्व येतं, अशी त्यांची कल्पना होती. ती तपासायला त्यांनी कमालीचा संवेदनशील चुंबकमापक बनवला आणि बँक ऑफ इंग्लंडकडून पंधरा किलोंहून जड सोन्याचा दंडगोल उसना आणला. प्रयोगानं कल्पना खोटी ठरवली. ब्लॅकेट यांनी तो नकार 1952 मध्ये जसाच्या तसा छापला. हाताशी उपकरण उरलं होतं, ते त्यांनी खडकांकडे वळवलं. लाव्हा निवत असताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा गोठून राहते. ती वाचायची, एवढंच आता काम होतं.

मग प्रश्न आला की कुठले खडक वाचायचे? ब्लॅकेट यांचं भारतात येणं-जाणं होतं, होमी भाभांशी स्नेह होता. भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात भरत असे. दख्खनचा लाव्हा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, आणि थर बहुतेक ठिकाणी आडवेच राहिले आहेत. एवढं चांगलं दप्तर दुसरीकडे शोधून मिळालं नसतं. ब्लॅकेट यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांचा भारतीय खडकांवरचा लेख 1956 मध्ये आला. पाठोपाठ टाटा संस्थेचे पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांची नावं लेखांवर दिसू लागतात: 1958 मध्ये क्लेग यांच्याबरोबर पूर्व भारतातल्या राजमहाल टेकड्यांच्या लाव्ह्यावर, 1959 मध्ये डॉइच यांच्याबरोबर दख्खनवर.

हे वाचन कसं होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. उभ्या पातळीत मोकळी फिरणारी चुंबकसूची विषुववृत्तापाशी आडवी राहते आणि ध्रुवापाशी उभी होते. अधेमधे ती किती झुकते त्यावरून अक्षांश निघतो. आज मुंबईत तिचं उत्तर टोक पंचवीस अंशांहून थोडं अधिक खाली झुकतं. दक्षिण गोलार्धात तेच टोक वर उचललं जातं. महाबळेश्वरच्या माथ्याकडच्या थरांतली गोठलेली दिशा पाहा: उत्तर टोक वर, आणि तेही चांगलं पंचेचाळीस-पन्नास अंशांनी. गणित सांगतं, हा लाव्हा निवला तेव्हा ही जागा विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे तीस अंशांवर होती. त्याच डोंगराचे खालचे थर नेमके उलट्या दिशेचे आहेत, कारण मधल्या काळात पृथ्वीच्या चुंबकत्वाचे ध्रुवच उलटले. दोन्ही थरांचा अक्षांश मात्र एकच निघतो.

नमुना घेणं हे कष्टाचं काम. मुलांचे हात शिवशिवतात, आधी हातोडा घालावासा वाटतो. मी अडवायचे. दगड जागेवर असतानाच त्यावर आडवी पातळी आणि उत्तर दिशा कोरून घ्यायची, मगच फोडायचा. उत्तर ठरवायची ती सूर्याच्या सावलीवरून, कारण होकायंत्र या कातळाजवळ फसतं. माथ्यावरचा उघडा खडक टाळायचा. वीज पडली असेल तर त्याची जुनी दिशा पुसलेली असते. रस्त्यासाठी नुकता फोडलेला कडा उत्तम.

शंका काढणारे होतेच. थर कलले असतील, चुंबकत्व मागाहून बदललं असेल. शंका रास्त होत्या. त्यांना मला सर्वांत पटलेलं उत्तर राजमहालचं आहे. दख्खनचं वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं. राजमहालचा लाव्हा 11 कोटी वर्षांहून जुना, आणि तो आणखी दक्षिणेचा अक्षांश सांगतो. जितका खडक जुना तितका मुक्काम दक्षिणेला. चूक असती तर ती अशी वयाच्या क्रमानं लागली नसती.

जगानं हे लगेच मानलं नाही. त्याला समुद्राची साक्ष लागली, आणि तीही आपल्याच शेजारून आली. अरबी समुद्राच्या दक्षिणेकडच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर 1962 मध्ये ‘ओवेन’ जहाजानं मोजणी केली. त्या आकड्यांवरून फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी 1963 मध्ये मांडलं की सागरतळ मधोमध फाटतो, नवा लाव्हा वर येतो, आणि ध्रुवांच्या उलटापालटीचे पट्टे दोन्ही बाजूंना सरकत जातात. तीन-चार वर्षांत बहुतेकांचा विरोध मावळला. आता उपग्रहांच्या मदतीनं ही चाल थेट मोजता येते. बंगळुरूच्या अशा मोजणी केंद्रातले आकडे सांगतात की आपला भूपट्ट दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. दख्खनच्या काळापासून आजवरची सरासरी याहून बरीच जास्त पडते. हिमालयाशी गाठ पडल्यावर वेग उतरला.

शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. भूपट्टांचा धडा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर संपवू नका. मुलांना जवळच्या घाटात न्या, काळ्या कड्याला हात लावू द्या, आणि वेगेनरच्या नावाखाली फळ्यावर सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती हीही नावं लिहा.