मस्तगड: हवापाण्यासाठी उभा राहिलेला बालेकिल्ला

जालन्यात आज मस्तगड म्हणजे एक वस्ती, एक पत्ता. पण गावाच्या पूर्वेला हा गड बांधला गेला, तेव्हा दख्खनमध्ये एक नवं राज्य नुकतंच आकाराला येत होतं.

11 ऑक्टोबर 1724. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्क आसफजाह आणि त्याचा प्रतिस्पर्धी मुबारिझ खान समोरासमोर आले. मुबारिझ खान मारला गेला. निजाम नावाला दिल्लीचा सुभेदार राहिला खरा, पण दख्खन आता त्याची झाली. कारभाराचं ठाणं औरंगाबाद. तरीही त्याचा जीव रमला तो जालन्यात. औरंगाबादपेक्षा इथली हवा प्रकृतीला मानवते, असं त्याचं मत होतं. पुढच्याच वर्षी, 1725 मध्ये, त्याच्या हुकमावरून काबिल खानाने जालन्याचा किल्ला आणि आतला बालेकिल्ला बांधला. तो बालेकिल्ला म्हणजे मस्तगड. चौकोनी आखणी, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज आणि बांधकामाचं साल सांगणारा फारसी शिलालेख.

हवा चांगली हे एकच कारण मला पुरेसं वाटत नाही. ‘जालना, सोन्याचा पालना’ असं लोक म्हणतात ते उगाच नाही. पेठ इतकी भरलेली होती की 1679 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी ती लुटली. त्यांच्या हयातीतली ही शेवटची मोठी स्वारी. एवढी श्रीमंत पेठ आणि राखायला भक्कम दगडी किल्ला नाही, ही उणीव साखरखेर्डं जिंकून आलेल्या माणसाच्या नजरेतून सुटली असेल कशी?

आणि पाणी. माझ्या मते मस्तगडाचं मूळ खरं तर काबिल खानाच्याही आधीचं आहे. काळी मशीद, हमाम, सराई आणि मोती तलाव ही त्याच्या आधी इथे होऊन गेलेल्या जमशेद खानाची कामं. त्याने तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात आणलं आणि ठिकठिकाणी हौद बांधून ते वाटलं. सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. भरभराटीच्या दिवसांत गावाला पाच तलाव होते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जालनेकराने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. निजामाला आवडलेल्या त्या हवेमागे हे सगळं पाणी होतं.

मस्तगडाच्या पोटातही पाणीच आहे. बालेकिल्ल्यात एक विहीर आहे. नुसतं पाणी शेंदायची विहीर नव्हे. आतल्या बाजूने सज्जे आणि खोल्या काढलेली. वर उन्हाने दगड तापलेला असताना खाली पाण्याच्या अंगाला गारव्यात बसता यावं, अशी ही रचना. मराठवाड्याच्या मे महिन्यात महाल म्हणावा तो हाच! 1884 च्या औरंगाबाद गॅझेटियरने तिची नोंद केली, तेव्हाच ते सज्जे दगडमातीने बुजलेले होते.

युरोपातल्या माद्रिदचा राजवाडा बघायला जगभरातून माणसं जातात. त्याचं मूळही असंच किल्ल्यात आहे. नवव्या शतकात कोर्दोबाचा अमीर पहिला मुहम्मद याने तिथे किल्ला बांधला, पुढे त्याचा राजवाडा झाला, 1734 च्या नाताळात तो जळाला आणि त्याच जागी आजचा वाडा उभा राहिला. त्या गावालाही शेकडो वर्षं पाणी पाजलं ते भुयारी पाटांनीच. माद्रिदने ही कुळकथा जपली. आपण आपली गाळात राहू दिली.

जालन्याच्या किल्ल्याला स्वस्थता कधी लाभली नाही. बांधून पुरती तीन वर्षं झाली नाहीत, तोच 1727 च्या नोव्हेंबरात बाजीराव पेशवे जालना परगण्यात शिरले. ती मोहीम पुढे पालखेडला जाऊन संपली. 1763 मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला हलवली, तसं जालना दरबारापासून लांब पडलं. पुढे ते शिंद्यांकडे आलं. 2 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने ते घेतलं. तीन आठवड्यांनी, याच जिल्ह्यात, असईची लढाई झाली. त्यानंतर सुर्जी अंजनगावच्या तहात दौलतराव शिंद्यांना जो मुलूख सोडावा लागला, त्यात जालनापूरचा किल्ला आणि परगणा नावानिशी लिहिलेला आहे. किल्ला परत निजामाच्या पदरात पडला. 1827 मध्ये इंग्रजांच्या सोयीची छावणी शेजारी वसली आणि बालेकिल्ल्याचं लष्करी मोल संपलं.

मग तिथे नगरपालिकेचं दप्तर आलं. ज्या बालेकिल्ल्यातून गाव राखायचं, तिथून आता गावाचे दिवे, रस्ते आणि पाणी यांचा हिशेब होऊ लागला. मला यात कमीपणा वाटत नाही. वापरात राहिल्या म्हणून पुष्कळ जुन्या वास्तू टिकतात. पण कचेरीला लागतात खोल्या आणि कपाटं. विहिरीचे सज्जे तिच्या कामाचे नव्हते, म्हणून ते कोणी उपसले नाहीत.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर गावोगावची तरुण मंडळी बारवा उपसताहेत. घमेल्यांच्या रांगा लागतात, काटेरी झुडपं निघतात, आणि खालून पायऱ्या वर येतात. जालन्यात हे काम काढायचं तर पहिला मान मस्तगडच्या विहिरीचा. त्यानंतर जमशेद खानाच्या नळांचा माग काढावा: मोती तलावापासून सराईच्या हौदापर्यंत, नकाशा हातात घेऊन.