होऊन जाईल, साहेब!

जगाचा इतिहास लढायांच्या सनावळ्यांनी भरलेला आहे. पण कंत्राटदार ‘सोमवारी येतो’ म्हणाला आणि तो सोमवार प्रत्यक्षात कधी उजाडला, याची नोंद एकाही बखरकाराने ठेवलेली नाही. मोहेंजोदडोचेच घ्या. तिथला तो प्रसिद्ध स्नानाचा हौद सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल. घट्ट बसवलेल्या विटा आणि पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर. चार हजारांहून अधिक वर्षे झाली, तरी हौद उभा. पण गवंडी गावाला गेल्यामुळे काम किती महिने अडले, याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही. मला खात्री आहे, ती वाचता येईल तेव्हा पहिले वाक्य निघेल : ‘पुढच्या आठवड्यात नक्की!’

इतिहासाची ही उणीव माझ्या लक्षात आली ती भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीत, आमच्या घरामागच्या एका खड्ड्यामुळे. या खड्ड्याचे पाळण्यातले नाव ‘स्विमिंग पूल’.

आता अकलोलीत हौद बांधणे म्हणजे नाशकात द्राक्षे घेऊन जाणे. इथे तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरी देवीने मारलेल्या राक्षसांचे ते रक्त, असे लोक सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, की पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. कोणीही ॲडव्हान्स मागितलेला नाही.

मग तलावाचे खूळ कशासाठी? तर अण्णांसाठी. आमचे वडील. वय 82, गुडघे त्याहून जुने. डॉक्टर म्हणाले, ‘कमरेइतक्या पाण्यात रोज अर्धा तास चालवा.’ कुंडाच्या पायऱ्या ओल्या, वर गर्दी. आणि पाणी इतके कढत, की अर्धा तास सोडाच, अर्धा मिनिट उभे राहणाऱ्याला मी नमस्कार करतो. म्हणून 20 फूट बाय 10 फुटांचा साधा तलाव ठरला. कंत्राटदार म्हणाला, ‘‘दिवाळीला खोदू, होळीला पोहू!’’ असा यमक जुळवणारा माणूस शब्दाला पक्का असणार, असे कोणालाही वाटले असते.

खड्डा मात्र खरेच दिवाळीला झाला. मग मजूर वीटभट्ट्यांवर गेले. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोटाचे वेळापत्रक माझ्या तलावाला विचारून ठरत नाही. मग सळई बांधणारे गोदामांच्या कामावर गेले. भिवंडीत गोदामे इतकी, की सळईवाल्याला तिथून सोडवून आणणे म्हणजे आग्र्याहून सुटकाच! मग काँक्रीट झाले, तर ते 28 दिवस भिजवायला हवे. मग आभाळच कोसळले आणि तलाव आयता भरला. ‘‘बघा साहेब, पाणी धरतंय!’’ कंत्राटदार कौतुकाने म्हणाला.

अण्णा इतिहासाचे मास्तर. खड्ड्याकाठी खुर्ची टाकून ते मला धीर देत. ‘‘अरे, ही आपली तानसा नदी. वरच्या अंगाला तिच्यावर धरण बांधलं, मुंबईला पाणी मिळालं 1892 साली. मग उंची वाढवली. 1915, 1925, 1948! छप्पन्न वर्षं चाललं होतं काम.’’

‘‘अण्णा, पण पाणी पहिल्याच टप्प्यात मिळालं ना!’’

‘‘तेही खरंच,’’ म्हणून ते खड्ड्याकडे बघत बसले.

एकदा त्यांनी चिमाजीअप्पांची गोष्ट काढली. वसईची मोहीम 1737 पासून रेंगाळलेली. वसई पडली तर मंदिर बांधीन, असा अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला. मे 1739 मध्ये वसई पडली आणि सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडे मंदिराचे काम आले, अशी परंपरा आहे. ‘‘आणि अप्पा गेले डिसेंबर 1740 मध्ये,’’ अण्णा म्हणाले. ‘‘विजयानंतर जेमतेम दीड वर्ष. बांधणाऱ्याच्या हिशेबात ते कुठं असतं? त्याला दगड मोजता येतात, चुना मोजता येतो. बांधून घेणाऱ्याकडे दिवस किती उरलेत, ते कुठल्या करारात लिहितात का?’’

मी काही बोललो नाही. दिवाळीत अण्णा काठी घेऊन चालत होते. होळीपर्यंत वॉकर आला होता.

तलाव पुरा झाला तो दुसऱ्या दिवाळीत. निळ्या फरशा, स्वच्छ पाणी, हार, नारळ. अण्णा वॉकर घेऊन काठापर्यंत आले आणि थांबले. नकाशात होत्या तशाच सात उभ्या पायऱ्या. वर्षापूर्वी ते त्या उतरले असते. कोणीच काही म्हणेना. नारळाची शेंडी हातात धरून कंत्राटदार एकदा पायऱ्यांकडे बघे, एकदा अण्णांच्या पायांकडे. त्या दिवशी त्याने कोणतीच तारीख सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो हजर! स्वतः, दोन माणसे घेऊन. पाणी उपसले. पायऱ्यांवर उताराचा रस्ता केला, दोन्ही बाजूंना धरायला नळ्या बसवल्या. सिमेंट वाळेपर्यंत रोज येऊन पाणी मारून गेला. पैशाचे विचारले तर म्हणाला, ‘‘राहू द्या साहेब, होऊन जाईल.’’

अण्णा आता रोज चार फेऱ्या मारतात. अर्धा तास काही होत नाही, दहा मिनिटांत दमतात. त्यांच्याकडे एक वही आहे. कंत्राटदाराने दिलेला प्रत्येक वार तीत तारखेनिशी लिहिलेला आहे. एकूण 41 सोमवार. ‘‘इतिहासाचं साधन आहे, फेकू नकोस,’’ असे त्यांनी मला बजावले आहे.