चित्रशाळा : पुण्यातील चित्रांचा नवा ग्राहक

पेशवाईच्या उत्तरार्धात, १७९० च्या दशकात, पुण्याचे गंगाराम तांबट यांनी ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी चित्रे काढली. तेव्हा चित्राचा ग्राहक हा चित्रकाराचा आश्रयदाताच असे. इ. स. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या चित्रशाळेने हे नाते बदलले. शिळाछापामुळे एकाच चित्राच्या असंख्य रंगीत प्रती निघू लागल्या आणि सामान्य गृहस्थ चित्राचा ग्राहक बनला. मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला तो यानंतर सोळा वर्षांनी, १८९४ मध्ये.

चित्रशाळेचे चित्रविषय तिच्या प्रेरणेची साक्ष देतात. रामपंचायतनाबरोबर नाना फडणविसांचे चित्रही तिने छापले. ‘निबंधमाले’तून (१८७४-८१) सुशिक्षितांपर्यंत पोहोचलेला स्वदेशाभिमान चित्ररूपाने निरक्षरांच्या घरातही पोहोचू शकला.

या परिवर्तनाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. आश्रयदात्याच्या संग्रहात गंगारामांचे नाव टिकले. बाजारात मात्र छापखान्याचे नाव सर्वतोमुखी झाले आणि रेखाटणारे हात बहुधा अज्ञात राहिले. चित्रकला लोकाभिमुख झाली, परंतु तिचे श्रेय चित्रकाराच्या पदरी क्वचितच पडले.