घरगुती डेस्कटॉप संगणक

डेस्कटॉप संगणक किंवा मेजसंगणक म्हणजे एका ठिकाणी मांडून, विजेच्या कायम जोडणीवर वापरावयाचा वैयक्तिक संगणक होय. पेटी (कॅबिनेट), पडदा (मॉनिटर), कळफलक आणि माऊस हे त्याचे सुटे भाग तारांनी जोडलेले असतात. बोलीत पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. वास्तविक सीपीयू ही पेटीच्या आतील एक चिप होय, परंतु दुकानदारापासून विद्यार्थ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी हाच शब्द रुळला आहे. लॅपटॉप व मोबाईल सर्वत्र पोहोचल्यावरही, मोठ्या पडद्यावर दीर्घकाळ टंकन, हिशेब किंवा अभ्यास करावयाचा असेल तेथे मेजसंगणक टिकून आहे. त्याचा बिघडलेला भाग सुटा बदलता येतो, हेही त्याचे एक कारण आहे.

या लेखात अशा संगणकाची घरातील मांडणी, जोडणी आणि नित्य वापर यांचे वर्णन पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांची परिस्थिती समोर ठेवून केले आहे. नीरा डाव्या कालव्यामुळे या पट्ट्याचा काही भाग बागायती, तर उरलेला अवर्षणप्रवण जिरायती आहे. कडक उन्हाळा, वळवाच्या विजा, ऊसहंगामातील काजळी आणि शेतीपंपांसाठी राबणारी वीजव्यवस्था या चारही गोष्टींचा संगणकाच्या आयुष्याशी थेट संबंध येतो.

पार्श्वभूमी

पुण्यात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामाचे ते एक प्रमुख केंद्र बनले. संगणक सामान्य मराठी कुटुंबाच्या परिचयाचा झाला तो मात्र बहुतांशी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या (स्थापना २००१) ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमामुळे. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने तालुक्याच्या गावीच नव्हे, तर मोठ्या खेड्यांतही प्रशिक्षण केंद्रे उघडली. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय (१९६२) व विद्या प्रतिष्ठान (१९७२) या संस्थांमुळे महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया आधीच घातला गेला होता.

जागा

संगणकासाठी भिंतीलगतचे, थेट ऊन न येणारे ठिकाण निवडावे. पेटी जमिनीवर ठेवू नये. फरशी पुसताना पाणी आत जाते आणि धूळही जमिनीलगत अधिक असते. पेटीच्या मागे भिंतीपासून किमान वीतभर अंतर असावे, कारण आतील गरम हवा मागील पंख्यातून बाहेर पडते. काही घरांत टेबलाच्या बंद कप्प्यात पेटी बसवतात. ते दिसावयास नीटनेटके असले तरी एप्रिल-मे महिन्यांत, खोलीचेच तापमान ४० अंशांच्या आसपास असताना, असा कप्पा भट्टीसारखा तापतो. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःचा वेग कमी करतो किंवा यंत्र आपोआप बंद पडते. उन्हाळ्यात ‘संगणक हँग होतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा विषाणू नसून उष्णता असते.

ऊसतोडणीच्या हंगामात फडातील पाचट पेटवले की काजळीचे कण घरात येतात आणि पंख्याच्या पात्यांवर व उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर त्यांचा थर बसतो. हंगाम संपल्यावर एकदा, प्लग काढून, पेटीचे झाकण उघडून मऊ ब्रशाने अथवा हवेच्या झोताने सफाई करावी. झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा.

वीज

घरगुती संगणकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित विषय हाच होय. घरी येणारा एकफेजी पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. गावठाणासाठी स्वतंत्र वाहिनी असलेल्या ठिकाणी तो बराचसा स्थिर राहतो. परंतु शेतातील वस्त्यांवर घर आणि पंप यांचा पुरवठा एकाच वाहिनीवर असल्यास दाब सतत खालीवर होतो. त्रिफेजी पुरवठ्याच्या पाळीत एकाच वेळी अनेक मोटारी सुरू झाल्या की दाब घसरतो आणि त्या बंद होताच चढतो. रोहित्राजवळ न्यूट्रल तार तुटल्यास घरातील दाब ३०० व्होल्टच्याही पुढे जाऊ शकतो. अशा वेळी दूरचित्रवाणी संच, फ्रिज आणि संगणक एकदमच जळाल्याचे दिसते.

संरक्षणाची पहिली पायरी म्हणजे अर्थिंग. पेटीच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही किंवा निकामी झाले आहे असे समजावे. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल नाहीशी होते, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जागी बसविण्यासाठी मधली जाड पिन कापून टाकण्याचा प्रकार सर्रास आढळतो. तो घातक आहे आणि कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

दुसरी पायरी यूपीएस. साधारण ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस सुमारे ३६० वॅट भार पेलतो. साधा संगणक पडद्यासह १०० ते १५० वॅट घेतो. त्यातील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी नवी असताना पंधरा-वीस मिनिटे पुरते. हा अवधी काम पुढे चालू ठेवण्यासाठी नसून, काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी असतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. वीज जाताच यूपीएस एकदा ओरडून गप्प झाला, तर बॅटरी बदलावी; यूपीएस फेकून देण्याचे कारण नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये, कारण तो छापण्यापूर्वी तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो.

घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावर बहुधा ‘यूपीएस’ व ‘नॉर्मल’ असे दोन पर्यायांचे बटन असते. संगणक चालवायचा असेल तर ते ‘यूपीएस’वर ठेवावे, त्या स्थितीत बदल इतका जलद होतो की संगणक बहुधा बंद पडत नाही.

वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की केवळ खटका बंद करणे पुरेसे नाही. प्लग भिंतीतून काढावा आणि तांब्याच्या तारेने येणारी इंटरनेटची जोडणीही काढावी. ऑप्टिकल फायबर स्वतः वीज वाहून नेत नाही, पण राउटरचा अडॅप्टर विजेच्या तारेशी जोडलेलाच असतो.

जोडणी

सर्व तारा जोडून होईपर्यंत मुख्य प्लग लावू नये. जुन्या यंत्रात कळफलकाची गोल खाच जांभळी, माऊसची हिरवी असते. नव्या यंत्रात दोन्ही यूएसबीवर चालतात. पडद्याची तार एचडीएमआय असते किंवा पंधरा पिनांची निळी व्हीजीए. पेटीत वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर पडद्याची तार त्याच्याच खाचेत लावावी. मदरबोर्डाच्या खाचेत लावल्यास पुष्कळदा पडदा काळाच राहतो आणि नवे यंत्र बिघडलेले आहे असा गैरसमज होतो. स्पीकर हिरव्या छिद्रात, मायक्रोफोन गुलाबी छिद्रात.

जुन्या वीजपुरवठा पेटीवर (एसएमपीएस) ११५/२३० असा एक लाल सरकता खटका असतो. तो २३० वरच असला पाहिजे. मुलांनी खेळता खेळता तो सरकवला आणि संगणक सुरू केला, तर आतील भाग स्फोटासारखा आवाज करून जळतात.

पहिली सुरुवात

यंत्र प्रथम सुरू केल्यावर कार्यप्रणाली भाषा, प्रदेश आणि वेळ विचारते. घरातील प्रत्येकासाठी वेगळे खाते करावे आणि नित्य वापराच्या खात्याला प्रशासकीय अधिकार देऊ नयेत. जुना संगणक विकत घेताना कार्यप्रणालीची चौकशी अवश्य करावी: विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि अनेक जुन्या यंत्रांत ती नसते. अशा यंत्रांवर लिनक्सचा एखादा प्रकार व लिबरऑफिस विनामूल्य वापरता येते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली भारतीय भाषांचा विचार करून बनविलेली आहे.

मराठी टंकन

मराठी माणसाच्या घरातील संगणकावर मराठी नीट लिहिता येत नसेल, तर त्याचा उपयोग अर्धाच झाला असे म्हणावे लागेल. भाषांच्या मांडणीत ‘मराठी’ जोडल्यावर विंडोज कळ आणि स्पेस कळ एकत्र दाबून इंग्रजी व मराठी कळफलक बदलता येतात.

भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरलेला कळफलक म्हणजे इनस्क्रिप्ट. यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला येतात. ‘बारामती’ हा शब्द इंग्रजी कळांच्या नावाने वाय, ई, जे, ई, सी, एल, आर असा उमटतो. ‘डी’ ही हलन्ताची कळ. जोडाक्षर लिहिताना व्यंजन, हलन्त, व्यंजन असा क्रम ठेवावा. शिफ्टसह ‘एन’ दाबले की ‘ळ’ येतो. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील चंद्रकोरीसारख्या रफारासाठी शिफ्टसह ‘जे’ दाबून ‘ऱ’ घ्यावा व मग हलन्त द्यावा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली (आवृत्ती ५.१) आले; त्यापूर्वीच्या मजकुरात त्याच्या जागी हिंदी वळणाचा ‘ऍ’ दिसतो. उच्चारानुसारी टंकन (रोमन अक्षरे लिहून देवनागरी मिळविणे) पहिल्या दिवशी सोपे वाटते, पण ज्यास रोज पानभर लिहायचे आहे त्याने पंधरा दिवस खर्चून इनस्क्रिप्ट शिकावे. संगणक टंकलेखनाची शासनमान्य परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

युनिकोडपूर्व काळातील मजकूर हा वेगळाच प्रश्न आहे. श्री-लिपीसारख्या पद्धतीच्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसे, परंतु साठवली जाई ती त्या फाँटच्या स्वतःच्या संकेतांची मालिका. फाँट नसलेल्या यंत्रावर तीच धारिका अर्थहीन चिन्हांचा ढीग होऊन उघडते. तीत शोध चालत नाही, अकारविल्हे लागत नाही. शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, गावच्या यात्रेचे हिशेब, कित्येकांचे अप्रकाशित लेखन आजही अशा स्थितीत जुन्या हार्ड डिस्कांवर पडून आहे. फाँट-परिवर्तकाने हा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे मात्र नंतर डोळ्यांनी तपासावी लागतात. मूळ फाँट आणि तो चालविणारा जुना संगणक हाताशी आहे तोवरच हे काम करावे, कारण मूळ पान कसे दिसत होते हे ताडून पाहण्याचे दुसरे साधन नसते.

नित्य उपयोग

या भागातील घरांत संगणकाचा वापर मुख्यतः अभ्यास, अर्ज आणि हिशेब यांसाठी होतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि मराठी विश्वकोशाचे वीस खंड महाजालावर वाचता येतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे व शेतीयोजनांचे अर्ज, वीजबिल ही कामे घरबसल्या होतात. कागदपत्रे जोडताना धारिकेच्या आकाराची मर्यादा असते. मोबाईलवर काढलेले छायाचित्र त्या मर्यादेत बसविणे संगणकावर सोपे जाते.

महत्त्वाच्या धारिकांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी आणि प्रत घेऊन झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क विजेच्या त्याच झटक्यात मूळ यंत्राबरोबर जळू शकते.

फसवणूक

‘आज रात्री आपली वीज तोडली जाईल’ अशा संदेशात एखादा मोबाईल क्रमांक देऊन, त्यावर दूरध्वनी करणाऱ्यास दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर बसविण्यास सांगितले जाते. ते बसविताच समोरच्या व्यक्तीला पडदा दिसू लागतो आणि बँकेचे व्यवहार तिच्या हाती जातात. पडद्यावर अचानक ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर संपर्क करा’ अशी चौकट येणे हाही त्यातलाच प्रकार. अशा वेळी इंटरनेट तोडून यंत्र बंद करावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

विल्हेवाट

जुन्या काचनळीच्या पडद्यांत शिसे, यूपीएसच्या बॅटरीत शिसे व आम्ल असते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून असा कचरा अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जाणे अपेक्षित आहे. यूपीएसची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार परत घेतो. यंत्र कोणासही देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्णपणे पुसून द्यावी; धारिका नुसत्या ‘डिलीट’ केल्याने डिस्कवरून जात नाहीत.