भोपळ्याचं बाळ

वर्गातला ‘मॉनिटर’ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. आज तो फळा पुसतो, नाहीतर गडबड करणाऱ्यांची नावं लिहून ठेवतो. पण एके काळी मॉनिटर खरोखर शिकवत असे.

१७८९ साली अँड्र्यू बेल हे पाद्री मद्रासमधल्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्याही शाळेत तसंच करावं असं त्यांना वाटलं, पण शिक्षक काही राजी होईनात. मग बेल यांनी ते काम जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवलं आणि त्याला ते जमलं! १७९७ साली बेल यांनी लंडनमध्ये या प्रयोगाचा अहवाल छापला. पुढे ही पद्धत इंग्लंडमधल्या अनेक शाळांत गेली. ती स्वस्त होती, एका मास्तरात शेकडो मुलं शिकत. पण मॉनिटर मास्तरांनी सांगितलेलंच पुढे सांगे. प्रश्न त्याचा नसे, उत्तरही त्याचं नसे.

ही जुनी कल्पना जवळजवळ दोनशे वर्षांनी आरोग्याच्या क्षेत्रात आली. बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियात काम केलं होतं. गरीब घरांत आई कामाला गेली की धाकट्याला सांभाळते ती मोठी बहीण. मग आरोग्याची माहिती तिलाच का देऊ नये? १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. त्याच्या तयारीत, १९७८ साली, मॉर्ले आणि शिक्षणतज्ज्ञ ह्यू हॉज यांनी लंडनमध्ये ‘चाइल्ड टू चाइल्ड’ म्हणजे ‘मुलांकडून मुलांना’ हा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या मालवणी वस्तीतही शाळकरी मुलांना घेऊन असं काम झालं. डॉ. विजया भालेराव यांनी १९८१ साली त्याविषयी लिहिलं.

मॉनिटर पद्धतीपेक्षा यात वेगळं काय होतं? मेक्सिकोतल्या अहोया गावचं उदाहरण पाहू. तिथे डेव्हिड वर्नर आणि त्यांचे सहकारी गावच्या आरोग्यसेवकांना शिकवत. जुलाबानं बाळाची टाळू खोल गेली, की ती ‘पडली’ असं लोक मानत आणि बाळाला उलटं धरून ती वर आणू पाहत. हे चूक आहे, असं नुसतं सांगून कोण ऐकणार?

मग मुलांनी वाळलेला भोपळा घेतला. त्यावर बाळाचा चेहरा काढला. वर टाळूसारखं भोक पाडलं, खाली एक बूच बसवलं. भोपळा पाण्यानं काठोकाठ भरून वरच्या भोकावर ओलं फडकं पसरलं. आता बूच काढलं, की बाळाला ‘जुलाब’ सुरू! पाणी कमी होऊ लागलं तसं फडकं आत ओढलं गेलं. टाळू का खोल जाते, हे कुणी सांगावं लागलं नाही. ती परत वर कशी येईल? गेलेलं पाणी परत भरून! इथून साखर-मिठाच्या पाण्याकडे जायला एकच पाऊल उरतं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

ही मुलं घरी गेली ती निरोप घेऊन नव्हे, तर स्वतः पाहिलेली गोष्ट घेऊन. आजीनं उलट प्रश्न विचारला, तरी त्यांच्याकडे उत्तर होतं.

भारतात ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात गावातल्याच १५ ते १९ वयाच्या मुलामुलींना ‘साथिया’ म्हणून तयार करायचं ठरलं. पाळी, व्यसनं, मनातली घालमेल यांबद्दल या वयातली मुलं आईवडिलांआधी मैत्रिणीला किंवा मित्राला विचारतात. म्हणून ती मैत्रीण जाणती हवी, हा विचार बरोबरच आहे. पण पाठ केलेली पाच वाक्यं देऊन तिला पाठवलं, तर आपण पुन्हा मॉनिटरच तयार करू. अडचणीचा पहिला प्रश्न आला, की ती गप्प होईल.

आणखी एक सावधगिरी हवी. हात धुवा असं मुलगी सांगेल, पण नळाला पाणी आणणं हे तिचं काम नाही. ते मोठ्यांचं आहे. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसेल, तर पाळीवरचं व्याख्यान कितीही चांगलं झालं तरी ते अपुरंच.

तेव्हा या वर्षी आरोग्याचा धडा शिकवताना फळ्यावर लक्षणं लिहून देण्याआधी एक भोपळा आणून पाहू या. भोपळा नसेल, तर प्लॅस्टिकची बाटलीही चालते.