कागद कुठनं आणायचा?



अंक काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न कवितेचा नसतो. कविता ढीगभर पडल्यात, उशाखाली, डब्याच्या पिशवीत, पगाराच्या पाकिटाच्या पाठीवर. पहिला प्रश्न असतो, कागद कुठनं आणायचा? परवा बैठकीत एकजण बोलला, ‘पैसा जमू दे, मग काढू.’ त्याला उत्तर म्हणून हा लेख. उत्तर माझं नाही, आपल्याच इतिहासाचं आहे.

सुरुवात आपल्या सोलापुरातनंच करतो. 20 जुलै 1924 ला बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. त्या सभेनं 4 जानेवारी 1925 ला सोलापुरात आपल्या पोरांसाठी वसतिगृह उघडलं. राहणं, जेवण, कपडे आणि लिहिण्याचं सामान सभेनं दिलं. देखरेखीला जिवाप्पा सुबा ऐदाळे. या पोरांनी काय केलं? ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक काढलं! लक्षात घ्या, ज्यांच्या बापाच्या हातात पाटी-पेन्सिल कुणी येऊ दिली नव्हती, त्यांनी पहिली वही हातात पडल्या पडल्या मासिक काढलं. नोकरी लागू दे, घर होऊ दे, मग बघू, असं ते म्हणाले नाहीत.

त्याच्याही मागं जाऊ. 1877 साल. त्या साली सोलापुरात जुन्या गिरणीचा भोंगा वाजला. त्याच साली 1 जानेवारीला पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला, सत्यशोधकांचा आवाज. पैशापायी तो पुण्यात टिकला नाही. 1880 ला नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत पुन्हा उभा केला. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेला माणूस. 1884 ला गिरणी कामगारांची संघटना त्यांनीच बांधली. म्हंजे कामगाराचा कागद आधी आला, संघटना मागनं आली. हा क्रम विसरू नका.

मग 31 जानेवारी 1920, ‘मूकनायक’. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. तेवढ्यावर पाक्षिक निघालं. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. ‘केसरी’नं पैसे घेऊनही जाहिरात छापायला नकार दिला. बाबासाहेब त्याच वर्षी लंडनला गेले. 1923 पर्यंत ‘मूकनायक’ बंद पडला. महाडच्या सत्याग्रहानंतर चौदाव्या दिवशी, 3 एप्रिल 1927 ला, ‘बहिष्कृत भारत’. लिहायला माणसं नाहीत म्हणून 24-24 रकाने बाबासाहेब एकटेच भरायचे. नोव्हेंबर 1929 ला तोही थांबला. थांबला म्हणून काय झालं? 1930 ला ‘जनता’ आलं. 1956 ला त्याचंच ‘प्रबुद्ध भारत’ झालं. आपला कागद मरतो आणि नाव बदलून परत उठतो. प्रस्थापितांचा कागद जाहिरातीवर जगतो, आपला वर्गणीच्या आण्यांवर. आणे आटले की तो थांबतो, जमले की चालतो.

आता यंत्राचं सांगतो. पूर्वी छापखाना म्हंजे खिळे, जुळारी, भाडं, उधारी. गेल्या साली एका छापखान्यात दर विचारायला गेलो तर मालक म्हणाला, आधी वाचून बघतो, मग सांगतो. वाचलं आणि सांगितलंच नाही. असल्या मालकांना वळसा घालून जायची वाट म्हंजे सायक्लोस्टाइल. डेव्हिड गेस्टेटनर नावाच्या माणसानं 1880 च्या दशकात लंडनला ही कल्पना आणली. टोकाला दातेरी चाक असलेल्या लेखणीनं मेणकागदावर बारीक भोकं पाडायची आणि शाई त्यातनं खाली झिरपू द्यायची. ती आणली कचेरीतल्या नकलांसाठी. पण पत्रकं काढणाऱ्यांनी ती पळवली. 1950 च्या दशकात मुंबईत कोलटकर, चित्रे, समर्थ यांनी ‘शब्द’ असाच काढला. पुढं लघुनियतकालिकांत लिहिणाऱ्या राजा ढाले, नामदेव ढसाळ यांच्यासारख्या पोरांतनंच 1972 ला दलित पँथर उभी राहिली. इथंही आधी कागद.

आपल्या चादरीच्या मागावर जॅकार्डचे पुठ्ठे असतात ना? भोक असलं की सुई आत जाते, दोरा उचलतो, फूल उमटतं. सायक्लोस्टाइलचं तेच. भोकातनं शाई, शाईतनं शब्द. भोकांचं काम आपल्याला कुणी शिकवायला नको.

आज कुठल्या कचेरीत हे यंत्र चालत नाही. झेरॉक्स आलं, मोबाइल आला. म्हणून तर आपल्याला ते भंगारात किलोच्या भावानं मिळालं. हातानं फिरवायचं, लाइट गेली तरी चालतं. बाकी सामान असं : चकचकीत कागद घेऊ नका, शाई पुसली जाते, खडबडीत, शाई पिणारा स्वस्त कागदच बरा. मेणकागदाखाली खरबरीत पत्रा ठेवा, बोथट टोकानं रेघ ओढा, चित्र तिथंच निघतं. जाड चित्र पाहिजे तर फाटक्या चपलेच्या तळव्याचं रबर पातीनं कोरा आणि ठसा मारा. अक्षरं मात्र उलटी कोरायची, नाहीतर ‘भीम’ उलटा उमटेल. मुखपृष्ठाला मोडीत निघालेले जॅकार्डचे पुठ्ठे. शिवायला सूत. सोलापुरात सुताला काय तोटा?

चपलेचं रबर, मागाचा पुठ्ठा, सूत. ज्या वस्तूंवरनं आपल्या बापजाद्यांची जात आणि पायरी ठरवली, त्याच वस्तूंचा आपण अंक करतोय. चित्रकला म्हंजे तैलरंग आणि दालन, असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू दे.

तर त्या बैठकीतल्या मित्राला सांगणं एवढंच. 1925 च्या पोरांकडं आपल्यापेक्षा कमी होतं. पुढच्या रविवारी येताना पैसे नसतील तर नको आणूस. एक दस्ता कागद आण. तोही नसेल तर कविता आण, आणि हँडल फिरवायला हात.